शब्दचर्चा: ‘शब्द देही झाला’ – अवतार, देहधारण की वस्ती?

तिसरी बाकडी:
नमस्कार मंडळी. नाताळानंतर आमच्या तरुण संघाचा कॅम्प आहे आणि थीम एका इंग्रजी पुस्तिकेतून उचललीये, इन्कार्नेशनल लव्ह. म्हणजे देव जसा माणूस होऊन माणसांत आला तसं आपलं प्रेमही नुसतं बोलण्यात न राहता रोजच्या जगण्यात दिसलं पाहिजे, हातापायांत उतरलं पाहिजे, असा सगळा आशय. आशयाबद्दल कुणाची तक्रार नाही, घोडं अडलंय ते फ्लेक्सवर मराठीत काय लिहायचं तिथे. कमिटीत आतापर्यंत आलेले पर्याय असे: ‘अवतारी प्रेम’ (सगळे हसले), ‘देहधारी प्रीती’ (कुणी हसलं नाही, पण आमच्या आईने वाचून विचारलं की हे नक्की चर्चच्या गेटवर लावणार आहात का), आणि ‘मूर्तिमंत प्रेम’ (मूर्ती शब्द ऐकून मंडळीचे (म्हणजे चर्चचे) एक वडील मिटिंगमधून उठूनच गेले). तर नेमका शब्द कोणता? आणि नुसता शब्द नको, का तेही सांगा, कमिटीला पटवायचंय.

खडूस:
अवतारी प्रेम नकोच. मराठीत अवतार म्हटलं की ‘काय हा अवतार करून घेतलायस!’ हेच आधी डोक्यात येतं. कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी अंघोळ न केलेल्या पोरांना बघून तो शब्द चपखल बसेल, एवढंच.

व्युत्पत्तीवाला:
विनोद बाजूला ठेवून जरा शब्द सोलू.

अवतार म्हणजे अव + तॄ, खाली उतरणे. आपलं मराठी उतरणंही तॄ धातूच्याच घरातलं, उपसर्गांची सरमिसळ झालीये इतकंच. पण मराठीत उतरणे म्हणजे नुसतं वरून खाली येणं नाही, मुक्कामाला असणंही. ‘पाव्हणे कुठे उतरलेत?’ असं आपण विचारतो तेव्हा पाव्हणे कुठल्या झाडावरून खाली आले ते विचारत नसतो. आता गंमत बघा, लूकच्या दुसऱ्या अध्यायात मराठी बायबलने सराईला ‘उतारशाळा’ शब्द वापरलाय, ‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती’. जो उतरला त्यालाच उतरायला जागा नाही. अनुवादकाच्या हे ध्यानात होतं का माहीत नाही, पण मराठीत ते आपोआप जुळून आलंय.

इन्कार्नेशनचा मामला वेगळा. लॅटिनमध्ये कारो, कार्निस म्हणजे मांस. त्यात उतरणं-बितरणं काही नाही, सरळ मांसात येणं. गोव्याचा कार्निव्हल (जुनी माणसं इंत्रुज म्हणतात) त्याच कार्निसमधून आलाय, उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी मांसाला निरोप. म्हणजे अवतार शब्द दिशा सांगतो, इन्कार्नेशन शब्द पदार्थ सांगतो. दोन्हींना एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून वापरलं की तिथेच लोचा सुरू होतो.

मूळ वाक्य बायबलात योहानाच्या शुभवर्तमानातलं, १:१४, तिथे शब्द म्हणजे ख्रिस्त. ग्रीकमध्ये तिथे सार्क्स आहे, म्हणजे मांसच. मराठीत ‘शब्द मांस झाला’ म्हटलं तर खाटकाचं दुकान आठवणार, म्हणून ‘शब्द देही झाला’. पण हा देही शब्दही साधा नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही म्हणजे देहात राहणारा आत्मा, जो जुने कपडे टाकून नवे घालतो तो. ज्याच्या कानात गीता आहे त्याला ‘शब्द देही झाला’ म्हणजे शब्दाने एक अंगरखा घातला असं ऐकू येऊ शकतं. ख्रिस्ती मंडळींना ते चालणार नाही असं वाटतं, पाळकसाहेब सांगतील.

वारीवाला:
पण दादा, मराठी माणसाला देही म्हटलं की गीता नंतर, आधी ‘याचि देही याचि डोळा’ आठवतं! तिथे देही सप्तमी आहे, याच देहात. अंगरखा वगैरे काही नाही, ह्याच हाडामांसाच्या देहात आणि ह्याच डोळ्यांनी. मला तर ते वाक्य त्या अर्थाने फार गोड लागलं.

आणि अवतार शब्दाला एवढं का झिडकारताय तेही कळत नाही. आमच्याकडे अवतार म्हणजे सगळं एकाच प्रकारचं नाहीये. महानुभाव पंथात तर अवतारांचे प्रकार केलेत, गर्भातून येणारा वेगळा, मेलेल्या माणसाच्या देहात शिरणारा वेगळा, चक्रधरस्वामी दुसऱ्या प्रकारातले मानतात. मराठीत ह्या विषयावर बारकाईने विचार करायची सवय बाराव्या-तेराव्या शतकापासून आहे. तुमचा येशू गर्भातून आलेला, बाळ झालेला, मग त्याला अवतार म्हणायला हरकत काय? निर्गुण ते सगुण झालं, संपलं.

निवृत्त पाळक:
सर्वांना सलाम. मी आयुष्यभर ह्या शब्दावर उपदेश केले आहेत, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

वारीवाले, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्यातल्या काहींनी तो केव्हाच मान्य केलाय. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तर म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ते असल्या शब्दांना कधी बिचकले नाहीत. तरी मंडळी अवतार शब्दाला दबकतात त्याचं मोठं कारण म्हणजे ‘संभवामि युगे युगे’. अवतार पुन्हा पुन्हा होतो. इब्री लोकांस पत्रात मात्र ‘एकदाच’ ह्या शब्दावर सगळा जोर आहे. दुसरं असं की अवतार दुष्टांचा नाश करायला येतो, काम झालं की अवतारकार्य संपलं म्हणून निघून जातो. येशूच्या बाबतीत आमची श्रद्धा अशी की तो माणूस झाला तो झालाच. पुनरुत्थान झाल्यावरसुद्धा हातावरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत, शिष्यांसमोर बसून तो भाजलेला मासा खातो. अंगरखा काढून ठेवला असं कुठेच होत नाही. म्हणून गीतेतला देही इथे बसत नाही, ‘याचि देही’ मधला बसतो, हे मला आज तुमच्यामुळे सुचलं, पुढच्या उपदेशात वापरीन.

आता मराठीचं एक कौतुक सांगतो. पहिल्या चार-पाच शतकांत मंडळीने ज्या चुकीच्या कल्पनांशी भांडण केलं, त्यातल्या दोन मोठ्या कल्पनांना आपल्या खेड्यातल्या भाषेत तयार शब्द आहेत. एक, देव खरा माणूस झालाच नाही, नुसता माणसासारखा दिसला. ह्याला मराठीत म्हणतात सोंग. दशावतारात रंगमंचावर येतं तसं, रात्र संपली की रंग पुसला. दोन, येशू साधा माणूस होता, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्यावर दैवी ख्रिस्त उतरला आणि वधस्तंभाच्या आधी निघून गेला. केरिंथस नावाच्या माणसाची ही शिकवण म्हणून सांगतात, पहिल्या शतकाच्या अखेरीची. ह्याला मराठीत म्हणतात अंगात येणं! वारं आलं, घुमला, वारं गेलं, माणूस आपला पूर्वीसारखा घामाघूम. गावातल्या बाईला केरिंथस माहीत नसतो पण अंगात येणं आणि पोटी येणं ह्यातला फरक तिला बरोबर कळतो. मंडळीने ३२५ मध्ये नायसीयाला आणि ४५१ मध्ये खाल्सेदोनला धर्मसभा भरवून जे कष्टाने लिहून ठेवलं ते हेच की सोंग नाही, अंगात येणं नाही, तर मरियेच्या पोटी आला. पूर्ण देव, पूर्ण मनुष्य, दोहोंची मिसळ नाही आणि फाळणीही नाही.

खडूस:
मिसळ नाही, नोटेड. 🙂
बाय द वे बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूबद्दल ‘त्याने स्वतःला रिक्त केले’ असं आहे. रिक्त म्हटलं की मला जिल्हा परिषदेची जाहिरात दिसते. रिक्त पदे भरणे आहे.

वसईची सून:
आमच्याकडे कॅथलिकांत हा विषय कानापेक्षा गुडघ्याला जास्त माहीत आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ चर्चची घंटा होते ती देवदूताच्या निरोपाची प्रार्थना, त्यात हेच योहानाचं वाक्य येतं. लग्न होऊन आले तेव्हा बघितलं, दुपारची घंटा झाली की सासूबाई पोळपाट-लाटणं तसंच ठेवून पिठाच्या हाताने उभ्या राहायच्या. आणि रविवारी मिस्सात श्रद्धा-प्रकटन म्हणताना ‘मनुष्य झाला’ च्या ओळीला सगळे डोकं वाकवतात, नाताळला आणि २५ मार्चला तर गुडघे टेकतात. २५ मार्च का, तर बरोब्बर नऊ महिने मोजा. चर्चनेसुद्धा हिशोब बाळंतपणाचाच धरलाय, त्यामुळे पाळकसाहेबांचं पोटी येणं एकदम मान्य.

अजून एक, फादर स्टीफन्सना विसरू नका. मूळचे इंग्रज, १५७९ ला गोव्यात आले, आणि १६१६ ला राचोलला त्यांचं मराठी ओवीबद्ध पुराण छापलं गेलं, ते पण रोमन लिपीत. ज्याला आपण ख्रिस्तपुराण म्हणतो त्याचं पोर्तुगीज नाव काय होतं तर ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त ह्याच्या जगात येण्याविषयी प्रवचन’. येण्याविषयी! अवतार नाही, देहधारण नाही, साधं येणं.

पाथर्डीचा कंडक्टर:
मी काय धार्मिक माणूस नाही, शब्दांची आवड म्हणून इथं येतो. पण तुमच्या त्या ओळीचा पुढचा भाग कुणीच घेईना, ‘आमच्यामध्ये वस्ती केली’. अहो सगळा जोर तिथंच आहे की. आमच्या एसटीत वस्तीची गाडी असते, मुक्कामी पण म्हणतात तिला. दिवसभर दहा गाड्या गावात येऊन जात्यात, त्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरला गाव ओळखत पण नाही. पण वस्तीच्या गाडीचा कंडक्टर गावात झोपतो, देवळात नाहीतर शाळेच्या वऱ्हांड्यात, डासं चावत्यात, लाईट गेली तर त्याचीपण जाते, कुणाच्या घरी मयत झाली तर रात्री त्यालापण झोप लागत नाही, कुणी भाकरी आणून देतं कुणी पाणी, आणि पहाटे पाचला दवाखान्यात जायचं असलं तर म्हातारी त्यालाच येऊन उठवते की बाबा गाडी काढ. साहेब लोक जीपमधनं येत्यात, पाहणी करत्यात आणि अंधार पडायच्या आत तालुक्याला माघारी. भेट आणि वस्ती ह्यात फरक आहे राव.

निवृत्त पाळक:
कंडक्टरसाहेब, तुम्ही धार्मिक नाही हे फार चांगलं झालं.

मूळ ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचं आहे. हिंदी बायबलने ते धरलंय, ‘हमारे बीच में डेरा किया’. मराठीत डेरा म्हटलं तर आजीच्या घरचा मातीचा डेरा, पाण्याचा नाहीतर ताकाचा, म्हणून ते जमलं नसतं. जुन्या करारात इस्राएल लोक रानातून फिरत असताना देवाचा निवासमंडप त्यांच्या तंबूंच्या मधोमध असे, लोक हलले की तोही हलणार. योहानाला ते सुचवायचं आहे. मराठी ‘वस्ती’ने तंबू गमावला पण रात्रीचा मुक्काम कमावला, माझ्या मते सौदा वाईट नाही.

फक्त एक, वस्तीची गाडी सकाळी निघते. हा तिशी उलटेपर्यंत राहिला, आणि त्यातली बहुतेक वर्षं नासरेथात. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानांत जवळजवळ काहीच नाही. सुताराचं काम करत होता एवढं मार्कात कळतं, तेही गावकऱ्यांनी टोमणा मारला म्हणून. चमत्कार नाही, उपदेश नाही. इन्कार्नेशनल की काय ते जगणं तुमच्या तरुण संघाला दाखवायचं असेल तर ही कोरी वर्षं दाखवा. रोज उठून रंधा मारणं, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणं, आईबापाचं ऐकणं.

तिसरी बाकडी:
बाप रे, फ्लेक्सचं विचारायला आले आणि वही काढावी लागली. थँक्यू सगळ्यांना. पण अजून अर्धा प्रश्न राहिला, लव्हचं काय? प्रीती लिहू की प्रेम? आमच्या पिढीला प्रीती म्हणजे एकतर वर्गातली मुलगी नाहीतर आजोबांच्या रेडिओवरचं भावगीत. चर्चच्या बाहेर कुणी आईला ‘तुझी माझ्यावर प्रीती आहे’ असं म्हणत नाही.

खडूस:
माया लिहा. आजीची माया, जीव लावणं, लळा. बोलीत तेच आहे.

व्युत्पत्तीवाला:
मायेची एक बाजू जिव्हाळ्याची पण दुसरी वेदान्ताची, सगळा भास. सोंग नको म्हणून पाळकसाहेबांनी एवढं समजावलं आणि फ्लेक्सवर ‘देवाची माया’ लिहिलंत तर अर्धं गाव म्हणेल हो हो, सगळी मायाच आहे. तिसरी बाजू पैशाची, बरीच माया जमवली. आणि चौथी शिंप्याकडची, शिवणीत पुढे-मागे कपडा सैल करता यावा म्हणून जास्तीचं कापड ठेवतात ती पण माया. चौथी मला सगळ्यांत आवडते पण फ्लेक्सवर मावणार नाही.

प्रीती हा बायबलचा ठरलेला शब्द आहे, ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’, ‘प्रीती सहनशील आहे’. तो रोजच्या वापरातून गेला हे खरं, पण म्हणूनच मंडळीत त्याला वेगळा अर्थ टिकून राहिला. प्रेम शब्दाचं सिनेमाने काय केलं ते बघताच आहात.

मिरजेची नात:
मी बहुतेक वेळा नुसती वाचते, आज लिहिते. माझी आजी मिशन हॉस्पिटलात आया होती. तिला ना देहधारण माहीत होतं ना इन्कार्नेशन. आमच्या गल्लीत कुठल्याही घरात बाई बाळंत होणार असली, कुठल्याही जातीची, की आजी जुनी सुती लुगडी मागून आणायची, सोड्यात उकळायची, कडक उन्हात वाळवायची आणि मग हाताने फाडायची. कात्री लावायची नाही, कात्रीची कड बाळाला टोचते म्हणे. त्याची चौकोनी बाळंती घडी करून पिशवीत भरून नेऊन द्यायची, आत एक डिंकाच्या लाडवांचा डबा. कुणी पैसे विचारले की चिडायची. काही घरांत तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत, पिशवी मात्र घेत. ती बाहेर पायरीवर बसून बाळ रडलं का ते ऐकायची आणि मगच उठायची.

नाताळच्या आदल्या रात्री ती लूकचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचायची आणि ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’ इथे थांबायचीच. म्हणायची, बघ, देव आला तर पहिली वस्तू कुठली लागली, बाळंतं. देवदूत नंतर आले.

म्हणून मला वाटतं तुम्हाला शब्द हवाच असेल तर वरच्या जड शब्दांत शोधू नका. गोष्ट सांगताना मराठी बायबलने बाळंतं, गव्हाण, वस्ती असे घरातले शब्द वापरलेत. सिद्धान्त सांगायची वेळ आली की मग देहधारण, प्रतिरूप, रिक्त सुरू होतं.

वसईची सून:
ताई, वाचून गप्पच झाले. आमच्याकडे नाताळच्या गोठ्यात बाळ येशूला सॅटिनचं कापड घालतात, झगमगीत. यंदा सुती घालणार, जुन्या लुगड्याचं.

निवृत्त पाळक:
मिरजेच्या नातीने जे म्हटलं तेच पंडिता रमाबाईंचं म्हणणं होतं, शंभर वर्षांपूर्वी. विचार करा, कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, संस्कृत ज्यांच्या जिभेवर, त्या बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ठरवून जड संस्कृत शब्द टाळले. कारण समोर कोण होतं, तर दुष्काळातून उचलून आणलेल्या बायका, मुली, विधवा, नुकत्या अक्षरं लावायला शिकलेल्या. छापखानाही तिथलाच, खिळे जुळवायला तिथल्याच बायका. १९२२ ला रमाबाई गेल्या आणि १९२४ ला ते बायबल बाहेर आलं. पुढे ते फारसं वापरात राहिलं नाही ही आमच्या मंडळ्यांची करंटेपणाची गोष्ट, आम्हाला उपदेशात भारदस्त वाटणारे शब्द हवे असतात ना. मीही त्यातलाच.

तिसरी बाकडी:
कमिटीला आत्ताच फोन झाला. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात ‘आमच्यामध्ये वस्ती’ आणि खाली १ योहान ३:१८, शब्दांनी किंवा जिभेने नव्हे तर कृतीने व सत्याने प्रीती करावी, ते वचन. आमच्या पुण्याहून येणाऱ्या पोरांनी लगेच शंका काढली की शहरात वस्ती म्हणजे झोपडपट्टी, लोकांना वाटेल वस्तीत कॅम्प आहे.

पाथर्डीचा कंडक्टर:
मग काय वाईट वाटंल?

निवृत्त पाळक:
नासरेथाबद्दलही हेच विचारलं होतं एकाने, ‘नासरेथातून काही उत्तम निघू शकते काय?’ राहू द्या शब्द.

खडूस:
राहू द्या. पण प्रीतीचं शुद्धलेखन बघून घ्या, जुन्या बायबलात ‘प्रीति’ ऱ्हस्व आहे, नव्यात दीर्घ. फ्लेक्सवाला दोन्ही छापेल.

व्युत्पत्तीवाला:
१९६२ च्या साहित्य महामंडळाच्या नियमांनी शेवटचा इकार दीर्घ, म्हणून सुटा शब्द ‘प्रीती’. समासात पहिलं पद आलं तर ऱ्हस्वच राहतो, म्हणून कॅम्पच्या पत्रिकेत ‘प्रीतिभोजन’ असेल तर ते ऱ्हस्व. दोन्ही एकाच कागदावर आले तर लोक चूक काढणार, काढू देत.

तिसरी बाकडी:
आहे ना प्रीतिभोजन, शेवटच्या दुपारी, मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी. केटरर नाही, भाकरी महिला मंडळ करणार म्हणालं होतं पण आता पोरांनाच थापायला बसवतेय, आणि खरकटी भांडी कमिटीकडे.

खडूस:
पोरांच्या हातच्या भाकरी? मी डाळभात खाऊनच येतो.